पालथं झोपता येईल का? कंबरेच्या ऑपरेशनसाठी अर्धी भूल की पूर्ण भूल: एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांचे निवृत्त गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्यांची भूलतज्ज्ञ. वॉर्डात आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

दोन वर्षांपासून चालताना त्यांच्या दोन्ही पायांत गोळे येत. पुढे वाकून बसलं की बरं वाटे. कण्याची नळी अरुंद झाल्याचं हे नेहमीचं लक्षण. तीन आठवड्यांपूर्वी मात्र उजव्या पायात जोराची कळ उतरली आणि त्यानंतर चालताना उजवी चप्पल पायातून निसटायला लागली. तपासलं तेव्हा उजव्या अंगठ्याची वर उचलण्याची ताकद ५ पैकी ३ होती, घोट्याची ४. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या मणक्यांच्या मध्ये नळी अरुंद झालेली आणि उजवीकडे गादीचा तुकडा नसेवर बसलेला दिसत होता. लघवी-शौचावरचा ताबा आणि बैठकीच्या जागेची संवेदना शाबूत होती, त्यामुळे त्याच रात्री ऑपरेशन करायची वेळ आलेली नव्हती. पण ताकद कमी होत असताना आठवडे काढणंही शक्य नव्हतं. सर्जननी एकाच पातळीवर नळी मोकळी करून, मायक्रोस्कोपखाली तुकडा काढायचं ठरवलं. अंदाजे वेळ दीड तास.

खरी काळजी फुप्फुसांची होती. ३५ वर्षं धूम्रपान, चार वर्षांपूर्वी बंद. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा फुप्फुसांचा आजार; दोन पंप चालू. एका सेकंदात जोरात बाहेर टाकता येणारी हवा अपेक्षेच्या ४२ टक्के. साध्या हवेत ऑक्सिजन ९३. रोज सकाळी भरपूर बेडका. आणि मागच्या वर्षी हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं तेव्हा श्वासनलिकेतली नळी वेळेवर काढता आली नव्हती. एक रात्र व्हेंटिलेटर, मग न्यूमोनिया, एकूण नऊ दिवस रुग्णालयात.

अडचण

भूलपूर्व तपासणीत काका खुर्चीत बसले आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाले, “डॉक्टर, घशात नळी नको. काहीही करा.” शेजारी त्यांची मुलगी होती. ती म्हणाली, “आधीच मणक्याचं दुखणं, आणि पुन्हा मणक्यातच सुई टोचायची? पुढे कायमची कंबर धरली तर?”

सर्जनची वेगळीच चिंता होती. “मॅडम, मायक्रोस्कोपखाली नस बाजूला धरलेली असताना हे खोकले तर? आणि ऑपरेशन संपल्यावर मला लगेच पाय हलवून बघायचेत. कमरेखालचं बधिर असेल तर काय बघणार?”

तिघांचंही बरोबर होतं. म्हणूनच इथे “कुठली भूल चांगली” या सरसकट प्रश्नाचा काही उपयोग नव्हता.

कोणते पर्याय होते

पूर्ण भूल. कण्याच्या ऑपरेशनसाठी आजही बहुतेक ठिकाणी हीच पहिली निवड असते, आणि ती उगाच नाही. रुग्ण पालथा असताना श्वासाचा मार्ग आधीपासून आपल्या हातात असतो, ऑपरेशन लांबलं तरी भूल लांबवता येते, रुग्ण हलत नाही. शुद्धीवर आल्यावर काही मिनिटांत “काका, अंगठा वर करा” म्हणता येतं. अनेक पातळ्यांचं ऑपरेशन, स्क्रू-रॉड बसवणं, वाकडा कणा सरळ करणं, किंवा मेंदूकडून पायाच्या स्नायूंपर्यंत जाणाऱ्या संदेशांवर यंत्राने लक्ष ठेवायचं असेल, तर स्पायनल (मणक्यात सुई देऊन कमरेखालचं बधिर करणं) सहसा टाळतात. ते संदेशच स्पायनलने बंद होतात. काकांच्या बाबतीत मात्र किंमत मोठी होती. नळी घालताना आणि काढताना श्वासनलिका आवळण्याचा धोका, बेडका आत अडकणं, आणि मागच्या वर्षीचा अनुभव पुन्हा येणं. शिवाय नळी काढताना खोकल्याची उबळ आली की रक्तदाब उसळतो, आणि नुकत्याच शिवलेल्या जखमेत रक्त साचायला ती वेळ वाईट.

स्पायनल, म्हणजे लोकांच्या भाषेत अर्धी भूल. श्वास रुग्णाचा रुग्ण घेतो, नळी नाही. एका-दोन पातळीच्या कंबरेच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही भुलींची तुलना करणाऱ्या अभ्यासांमध्ये साधारण असं दिसतं: स्पायनलनंतर पहिल्या काही तासांत दुखणं आणि मळमळ कमी, ऑपरेशनच्या वेळी नाडी आणि रक्तदाबाची उसळी कमी. रक्तस्रावाबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे इतकी विरळ की त्यावरून कुणाची सरशी ठरवता येत नाही. काकांच्या मुलाने फोनवर विचारलं होतं, “वयस्कर माणसाला अर्धी भूल नेहमीच सुरक्षित ना?” त्याला मी खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरवरचा २०२१ सालचा मोठा अभ्यास सांगितला. ५० वर्षांवरचे १,६०० रुग्ण. ६० दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणं याचं प्रमाण दोन्ही गटांत १८ टक्क्यांच्या आसपासच होतं. तो अभ्यास कण्याचा नाही, पण “अर्धी भूल म्हणजे आपोआप सुरक्षित” हा समज त्याने बराच ढिला होतो. निवड करायची ती या माणसाच्या फुप्फुसांकडे बघून.

मुलीची सुईची भीती मी हसण्यावारी नेली नाही. एमआरआय तिच्यासमोर लावला. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्याशी संपतो. त्याखाली पाण्यात सुट्या नसा असतात आणि सुई तिथे जाते. सुईची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जननी १८९८ साली ही पद्धत पहिल्यांदा वापरली आणि स्वतःवरही करून पाहिली, तेव्हा ते पाणी गळून त्यांचं डोकं कित्येक दिवस धरलं होतं. आजच्या पेन्सिलच्या टोकासारख्या बारीक सुया तंतू कापण्याऐवजी बाजूला सारतात, म्हणून ते डोकं धरणं आता कमी झालंय. अगदी संपलंय असं मात्र मी तिला सांगितलं नाही. नंतरच्या कंबरदुखीचं म्हणाल, तर तिचं कारण आत काढलेलं हाड आणि बाजूला सारलेले स्नायू, सुई नव्हे.

कण्याची नळी अरुंद असल्याने आणखी एक शंका होती. औषध अरुंद जागेपाशी अडून भूल अर्धवट चढू शकते. म्हणून सुई अडचणीच्या जागेच्या वर, एल-२ आणि एल-३ च्या मधून घालायची, हे एमआरआय बघतानाच ठरलं. मज्जारज्जूचं टोक त्याच्या वर संपत होतं, तेही त्याच वेळी पाहून घेतलं. काका रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन कमी मात्रेत घेत होते. तेवढ्याने स्पायनल अडत नाही. क्लोपिडोग्रेल हे त्याच कामाचं दुसरं औषध असतं तर ५ ते ७ दिवस थांबावं लागलं असतं.

पहिला निर्णय: चार दिवस थांबणं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय थिएटरच्या बाहेर झाला. जागेपणी दीड तास पालथं पडून राहणं काकांना जमणार का, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं. संध्याकाळी मी वॉर्डात गेले. दोन उशा मागवल्या, एक छातीखाली, एक ओटीपोटाखाली, मध्ये पोट मोकळं. पोट दाबलं गेलं की पोटातलं रक्त कण्याभोवतीच्या शिरांमध्ये ढकललं जातं आणि सर्जनच्या जागेत रक्त येत राहतं, म्हणून ही रचना. बोटाला ऑक्सिमीटर लावून काकांना पालथं झोपवलं आणि शेजारी स्टूल घेऊन बसले.

ऑक्सिजन कमी झाला नाही, उलट ९४ झाला. पण बाराव्या मिनिटाला खोकल्याची उबळ आली आणि काका उठून बसले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, “दम नाही लागत हो. पण बेडका घशाशी येतो आणि मग थांबवत नाही.”

म्हणजे अडचण पालथं झोपण्याची नव्हती, बेडक्याची होती. तिच्यावर उपाय होता. सर्जन, फुप्फुसतज्ज्ञ आणि मी मिळून चार दिवस मागून घेतले. दिवसातून चार वेळा वाफ, छातीचा व्यायाम, बेडका काढण्याचं फिजिओथेरपिस्टचं शिक्षण, पाच दिवसांचा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स. अट एकच: सकाळ-संध्याकाळ अंगठ्याची आणि घोट्याची ताकद मोजायची, आणि एका अंकाने जरी कमी झाली किंवा लघवीची तक्रार आली तर त्याच दिवशी, पूर्ण भूल देऊन का होईना, ऑपरेशन. ही अट केसपेपरवर लिहिली आणि मुलीलाही समजावली.

चौथ्या दिवशी काका पालथे ४० मिनिटं राहिले. दोनदा खोकले, पण उठले नाहीत.

प्रत्यक्ष ऑपरेशन

आदल्या दिवशी काकांशी एक खूण ठरवली. मी डोक्याशी बसणार, त्यांचा डावा हात माझ्या हातात. खोकला येतोय असं वाटलं की दोनदा दाबायचं. मी “थांबा” म्हणणार, सर्जन अवजार बाहेर घेणार, मग हवं तेवढं खोकायचं.

दुसरी तयारी योजना मोडली तर त्यासाठीची. स्पायनल अर्ध्यात कमी पडली किंवा श्वास बिघडला, तर पालथ्या रुग्णाला भूल देणं ही घाईची आणि धोक्याची वेळ. म्हणून रुग्णाला लगेच उताणं घेता यावं यासाठी ट्रॉली थिएटरच्या दारातच ठेवली, भुलीची औषधं भरून ठेवली, घशात वरच्यावर बसणारा चार नंबरचा लॅरिंजियल मास्क हाताशी. कोण जखम झाकणार, कोण पाय धरणार, कोण डोकं, हे सुरू करण्यापूर्वी सगळ्यांनी मोठ्याने म्हणून घेतलं.

बसवून, २५ नंबरच्या सुईने स्पायनल दिली: बधिर करणारं ०.५ टक्के जड (कण्यातल्या पाण्यापेक्षा वजनदार) ब्युपिव्हाकेन ३ मिली आणि वेदना कमी करणारं फेंटॅनिल २५ मायक्रोग्रॅम. मग १५ मिनिटं उताणं. हे जड औषध स्थिरावण्याआधी रुग्ण पालटला तर ते कुठे सरकेल याचा भरवसा नसतो, आणि सीओपीडीच्या माणसात भूल छातीवर चढली तर खोकण्याची ताकदच जाते. बर्फ लावून पाहिलं, बधिरपणा बेंबीच्या चार बोटं वर थांबला होता. रक्तदाब १४८ वरून ९८ वर आला, रक्तदाब वाढवणाऱ्या फेनिलएफ्रिनच्या दोन लहान डोसांनी सावरला.

पालटताना स्पायनलचा एक फायदा दिसला. पालथे झाल्यावर काका स्वतःच म्हणाले, “हा उजवा खांदा ओढला जातोय, हात जरा खाली घ्या.” पूर्ण भुलीतला रुग्ण हे सांगू शकत नाही. खांद्याच्या नसा ताणल्या गेल्याचं मग जाग आल्यावर कळतं. डोळ्यांवर दाब येतोय का, हेही विचारता आलं.

पहिली ३५ मिनिटं खूण तंतोतंत चालली. दोनदा हात दाबला, दोनदा सर्जन थांबले.

मग माझी चूक झाली. हाड कापण्याच्या आवाजाने काका अस्वस्थ झाले, मान हलवू लागले. मी मिडाझोलॅम हे झोपेचं औषध १ मिलिग्रॅम दिलं. डोस लहान, रोजचा. पण काकांना गुंगी आली, हलकं घोरायला लागले, आणि दहा मिनिटांनी काही खूण न करता एकदम खोकले. सर्जनचं अवजार त्या क्षणी हाडाच्या बाहेरच्या कडेला होतं, नसेपाशी नव्हतं, म्हणून काही झालं नाही. नसेवर असतं तर? ज्या हातावर सगळी योजना उभी होती, तो हातच मी झोपवला होता. त्यानंतर झोपेचं काहीही दिलं नाही. नर्सने काकांच्या कानाशी वाकून पुढे काय होणार ते सांगायला सुरुवात केली: “आता ठकठक होईल, काका… आता संपली.” त्याने ते मिडाझोलॅमपेक्षा जास्त शांत झाले.

तुकडा खाली सरकलेला निघाला, त्यामुळे वेळ वाढला. पालथं केल्यापासून ११० मिनिटं झाली तेव्हा स्नायू शिवताना काका म्हणाले, “वरच्या बाजूला ओढल्यासारखं होतंय.” सर्जननी जखमेच्या कडांना बधिर करण्याचं औषध दिलं आणि शिवण पूर्ण झाली. अशा वेळी झोपेचं औषध वाढवत नेणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. दुखणाऱ्या, अर्धवट झोपलेल्या, पालथ्या रुग्णाइतकी अवघड अवस्था दुसरी नाही.

ऑपरेशननंतरचे तास

सर्जनची दुसरी चिंता इथे खरी ठरली. स्पायनल सकाळी ९:१० ला दिलेली, ऑपरेशन ११:३५ ला संपलं. साडेबाराला डावा पाय हलायला लागला. उजवा नाही.

स्पायनल दोन्ही बाजूंनी सारख्या वेगाने उतरतेच असं नाही, शिवाय उजवी बाजू आधीच अशक्त होती. पण जखमेत रक्त साचून नसा दाबल्या गेल्या असतील तर तेही नेमकं असंच दिसतं. मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून त्या एका अंगठ्याकडे बघत होती. त्या वेळी तिला “होईल नीट” म्हणणं मला जमलं नाही. मी तिला नियम दाखवला, जो आम्ही सकाळीच लिहिला होता: स्पायनल दिल्यापासून साडेचार तासांत, म्हणजे १:४० पर्यंत, दोन्ही पायांत हालचाल परतली नाही, किंवा परतलेली हालचाल पुन्हा गेली, किंवा पाठीत नवी तीव्र कळ आली, तर वाट न पाहता एमआरआय. रक्त साचलंच असेल तर लक्षणं दिसल्यापासून आठ तासांच्या आत दाब काढावा लागतो, त्यानंतर पाय परत मिळण्याची आशा झपाट्याने कमी होते. एमआरआय विभागाला फोन करून जागा राखून ठेवली आणि दर १५ मिनिटांनी दोन्ही पायांची ताकद लिहायला सुरुवात केली.

१:२० ला उजवी बोटं खाली दुमडली. १:३५ ला घोटा वर आला. सव्वादोनला अंगठा, पूर्वीइतकाच. राखून ठेवलेली जागा सोडून दिली.

संध्याकाळी आणखी एक घालमेल. सहापर्यंत काकांना लघवी झाली नव्हती, सोनोग्राफीत मूत्राशयात ५५० मिली. स्पायनलनंतर हे वरचेवर घडतं. पण कंबरेच्या नसा दबल्यावरही लघवी अडते, म्हणून “स्पायनलमुळेच असणार” असं गृहीत न धरता आधी बैठकीच्या जागेची संवेदना तपासली. ती ठीक होती. एकदा नळी घालून लघवी काढली, रात्री आपोआप सुरू झाली.

परिणाम

ऑपरेशननंतर काकांना ऑक्सिजन दोन तासच लागला. पाणी, जेवण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेला हात लावून कॉरिडॉरमध्ये चालले, बसून खोकून बेडका काढत होते. न्यूमोनिया नाही, डोकेदुखी नाही. चौथ्या दिवशी घरी. सहा आठवड्यांनी अंगठ्याची ताकद ५ पैकी ४, चप्पल निसटणं बंद.

आता काय वेगळं करेन

झोपेचं औषध देणार नाही, हे पहिलं. जिथे खुणेवर भिस्त आहे तिथे रुग्ण पूर्ण जागा हवा; आवाजाची भीती असेल तर हेडफोन, आणि काय होणार ते आधीच सांगणं.

औषधाची मात्रा थोडी कमी ठेवली असती तर दुपारचा तो तास छोटा झाला असता का? कदाचित. पण मग शिवताना दुखलं, ते आणखी आधी दुखलं असतं. वेळ वाढू शकतो हे एमआरआयवरून ओळखता आलं असतं. पुढच्या वेळी सर्जनबरोबर बसून “तुकडा सरकलेला निघाला तर किती वेळ” हे आधी विचारेन. जखमेच्या कडांना औषध शिवताना देण्याऐवजी सुरुवातीलाच देता येईल.

ऑपरेशनआधी ताकदीची नोंद होती, पण ती सर्जनच्या कागदावर; माझ्या कागदावर नव्हती. साडेबारा वाजता मी ती शोधत होते. आता स्पायनल देण्यापूर्वी मी स्वतः दोन्ही पाय तपासून लिहिते.

आणि हाच मार्ग सगळ्यांना लागू नाही. काकांची फुप्फुसं बरी असती तर मी पूर्ण भुलीला तयार झाले असते, आणि सर्जनला अंगठा पावणेबारालाच हललेला दिसला असता.

सहा आठवड्यांच्या तपासणीला मुलगी बरोबर आली होती. जाताना थांबून म्हणाली, “डॉक्टर, माझ्या दिरांचंही कंबरेचं ऑपरेशन ठरतंय. त्यांनाही बाबांसारखी अर्धी भूलच सांगू ना?”

मी विचारलं, “वजन किती आहे त्यांचं? आणि रात्री घोरतात का?”

“शंभरच्या पुढे. आणि घोरणं विचारू नका, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो.”

मी तिला पुन्हा खुर्चीत बसायला सांगितलं.